राजर्षी शाहू महाराज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिना उजाडला की भाषणं, निबंध, फलक यांची लगबग सुरू होते आणि शाहू महाराजांबद्दलचे ठरावीक प्रश्न पुन्हा येतात. उत्तरंही ठरावीकच असतात: द्रष्टे, लोकराजा, दीनांचे कैवारी. त्यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. म्हणून इथं विशेषणं शक्यतो बाजूला ठेवली आहेत आणि करवीर, म्हणजे कोल्हापूर, दरबाराचे हुकूम पुढं घेतले आहेत. हुकमाला तारीख असते, रक्कम असते, मोडणाऱ्याला दंड असतो आणि अहवाल कुणी कुणाला द्यायचा तेही लिहिलेलं असतं. शाहू महाराज खरे कळतात ते तिथं.

हे शाहू सातारचे की कोल्हापूरचे?

कोल्हापूरचे. सातारचे शाहू म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र, जन्म १६८२, मृत्यू १७४९. मोगलांच्या कैदेत वाढले, १७०७ मध्ये सुटले, बाळाजी विश्वनाथ आणि पहिल्या बाजीरावाला पेशवाई दिली ती त्यांनी. इथं ज्यांच्याबद्दल बोलतोय ते त्यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी जन्मले. नावामुळं घोळ होतो, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पेशव्यांनाही आरक्षण मिळतं.

मूळ नाव काय? ते छत्रपतींच्या घराण्यात जन्मले होते का?

मूळ नाव यशवंतराव घाटगे. कागलच्या जहागिरदार घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्म, तोही कोल्हापूरलगतच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई या मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. आई गेली तेव्हा यशवंतराव तीन वर्षांचेही नव्हते.

गादीवर ते दत्तक म्हणून आले. चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या नजरकैदेत वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि शाहू हे नाव ठेवलं. या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’त लिहिल्यामुळं टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले होते. कोल्हापूरच्या गादीसाठी तुरुंगात गेलेले टिळक आणि त्याच गादीवरचे शाहू महाराज पुढं एकमेकांसमोर उभे ठाकले. ते कसं, हे वेदोक्ताच्या प्रश्नात येईल.

त्यांचं शिक्षण कुठं झालं?

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला एस. एम. फ्रेजर यांच्या हाताखाली. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. वय वीसही पूर्ण नव्हतं.

आरक्षणाचा हुकूम नेमका काय होता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात ढोबळ उत्तरंही याचीच मिळतात.

तारीख २६ जुलै १९०२. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्यायच्या. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे मराठा, कुणबी, लिंगायत, जैन, मुसलमान, महार, मांग, चांभार सगळेच त्यात आले.

आता पुढचं कलम बघा, कारण भाषणांत ते कधी येत नाही. ज्या खात्यात मागासलेल्या वर्गाचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे, तिथं पुढची नेमणूक त्याच वर्गातून करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी आपल्या खात्यात कोण किती आहेत त्याचं पत्रक पाठवायचं. ज्यानं कचेरी चालवली आहे त्याला या शेवटच्या वाक्याचं मोल कळेल. चांगला हेतू कागदावर उतरवणारे पुष्कळ असतात, तिमाही पत्रक मागणारा एखादाच. माझ्या मते त्या हुकमाचा कणा ५० हा आकडा नाही, ते पत्रक आहे.

एवढ्या कडक हुकमाची खरंच गरज होती का?

त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा, १८९४ मध्ये, राज्याच्या सर्वसाधारण सेवेतल्या ७१ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडं होती. बाकी सगळ्या प्रजेच्या वाट्याला ११. महाराज गेले त्या वर्षी, १९२२ मध्ये, पदं ९५ झाली होती आणि त्यात ब्राह्मण ३६, ब्राह्मणेतर ५९. हे बदलायला अठ्ठावीस वर्षं लागली आणि कुणालाही एका रात्रीत घरी पाठवलेलं नाही. रिकाम्या होणाऱ्या जागाच तेवढ्या वेगळ्या रीतीनं भरल्या गेल्या.

वेदोक्त प्रकरण म्हणजे काय?

१८९९ चा कार्तिक महिना. पहाटे महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. सोबत मुंबईहून आलेले पंडित राजारामशास्त्री भागवत होते. महाराज पाण्यात, काठावर नारायण भटजी मंत्र म्हणतायत. शास्त्रीबुवांच्या कानाला खटकलं: हे मंत्र वेदांतले नाहीत, पुराणांतले आहेत. शिवाय भटजींनी स्वतः आंघोळही केलेली नव्हती. विचारल्यावर उत्तर आलं ते असं, की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचं असतं आणि त्याला आंघोळीची गरज नसते.

समोर उभा असलेला माणूस शिवछत्रपतींच्या गादीचा धनी, त्या भटजींचा अन्नदाता. त्याला तोंडावर सांगितलं जात होतं की तू शूद्र आहेस.

पुढं नुसती चिडचिड झाली असती तर प्रकरण तिथंच विरलं असतं. महाराजांनी राजोपाध्यांना, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांना, वेदोक्त (वेदमंत्रांच्या) पद्धतीनं विधी करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. मुदती दिल्या, कागद झाले, आणि १९०२ मध्ये राजोपाध्यांची इनामं जप्त झाली. ज्या कामासाठी वतन दिलं ते काम करत नसाल तर वतन कशाचं, असा साधा हिशेब. राजोपाध्यांनी इंग्रज सरकारकडं थेट वरपर्यंत दाद मागितली, ती फेटाळली गेली. विधी केले ते नारायणशास्त्री सेवेकरी यांनी, आणि ते ब्राह्मणच होते.

टिळकांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’त लागोपाठ अग्रलेख लिहिले आणि त्यात वेदोक्ताच्या मागणीला विरोध केला. गादीसाठी तुरुंग भोगलेला माणूस आणि गादी यांच्यात इथं जी दरी पडली ती शेवटपर्यंत बुजली नाही.

या वादाचं टोक १९२० मध्ये दिसतं. शंकराचार्यांच्या पीठाला समांतर असं क्षात्रजगद्गुरूचं पीठ काढून महाराजांनी त्यावर सदाशिवराव पाटील-बेनाडीकर या मराठा तरुणाला बसवलं. सत्यशोधकांतल्या अनेकांना हे रुचलं नाही. भटशाही नको म्हणता म्हणता आपली वेगळी गुरुशाही कशाला, हा त्यांचा आक्षेप होता आणि मला तो वाजवी वाटतो.

मग ते ब्राह्मणद्वेष्टे होते का?

नव्हते. भागवत आणि सेवेकरी वर आलेच आहेत. त्यांचा राग मक्तेदारीवर होता. भाषणांत तो राग कधी कधी अख्ख्या जातीवर घसरलेला दिसतो, हेही खरं. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एकच सांगणारा कुठल्या तरी बाजूची वकिली करत असतो.

जातवार वसतिगृहं काढली, त्यानं जातिभेद वाढला नाही का?

प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी काय झालं होतं ते पाहावं लागतं. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजसाठी सगळ्या जातींचं एकत्र वसतिगृह काढलं गेलं. बघता बघता ते एकट्या ब्राह्मण विद्यार्थ्यांचं झालं. स्वयंपाक, पंगत, सोवळं यांच्या रेट्यात बाकीच्यांना तिथं टिकताच येईना. कागदावर सर्वांसाठी, प्रत्यक्षात एकासाठी.

मग वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. नंतर लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू अशी रांगच लागली, वीसच्या वर. दरबार जागा द्यायचा, इमारतीला मदत करायचा, कायमचं उत्पन्न लावून द्यायचा. चालवायचं मात्र त्या त्या समाजानं. कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहिलात तर यांतली बरीच बोर्डिंगं आजही आजूबाजूला दिसतात.

जात तोडायची होती तर जातीच्या नावानं घरं कशाला बांधली, याचं उत्तर माझ्या मते वेळेत आहे. खेड्यातलं पोर आधी शहरात येऊन दोन वेळ जेवून शिकलं पाहिजे, पंगतीचं भांडण नंतर. ते भांडणही महाराजांनी टाळलं नाही, पुढच्या काही उत्तरांत ते येईलच. मात्र पुढच्या पिढ्यांनी ही घरं मूळ हेतू विसरून नुसत्या जातीच्या बैठका म्हणून वापरली असतील, तर तो दोष बांधणाऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं. तो ऐकेना. बोर्डिंगातून त्याची हकालपट्टी झाली. त्या मुलाचं नाव भाऊराव पाटील. १९१९ मध्ये त्यानं रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली.

सक्तीचं शिक्षण त्यांनी कसं राबवलं?

जाहीरनामा सप्टेंबर १९१७ चा. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दरमहा एक रुपया दंड. त्या काळी मजुराच्या घरात रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. पहिली शाळा मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखली गावी निघाली.

तुलना करायची तर अशी करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. किती जपून लिहिलेलं विधेयक होतं ते, सक्तीचा निर्णयसुद्धा स्थानिक संस्थांवर सोपवलेला. तरी १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारकडं पैसा नाही म्हणे. त्यानंतर पाच वर्षांनी एका मध्यम आकाराच्या संस्थानानं ते करून दाखवलं.

१९१९ मध्ये आणखी एक हुकूम निघाला: अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, त्यांच्या मुलांना इतरांच्याच शाळेत घ्यायचं.

गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलची गोष्ट खरी आहे का?

खरी. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते, जातीनं महार. स्पृश्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना पागेतल्याच लोकांनी बेदम मारलं. गाऱ्हाणं महाराजांपर्यंत गेलं. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराजांनी गंगारामला पुन्हा त्याच पागेत धाडलं नाही. स्वतःचा धंदा काढ म्हणून पैसे दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल उभं राहिलं.

महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? कुणीच येईना. मग महाराजांची गाडी फिरून येताना त्या दारात थांबायला लागली. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, गाडीतूनच हाक: चहा आण. महाराज प्यायचे, आणि सोबत जे कुणी असतील त्यांनाही कप हातात धरावा लागायचा. त्यात मानकरी असत, अंमलदार असत. महाराजांच्या समोर कप नाकारायचा तरी कसा? महाराजांच्या निधनानंतर कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभारण्यात पुढाकार होता तो याच गंगारामांचा.

डॉ. आंबेडकरांशी त्यांचा संबंध किती काळ होता?

फार थोडा, आणि म्हणूनच थक्क करणारा. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. त्या पत्राला महाराजांनी २,५०० रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, अध्यक्ष आंबेडकर, वय अवघं अठ्ठावीस. महाराज तिथं आले आणि जमलेल्यांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. एका राजानं भर सभेत नेतृत्व असं दुसऱ्याच्या हाती दिल्याची उदाहरणं फार नाहीत. परिषदेनंही महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला. मे महिन्याच्या शेवटी नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद, तिथं अध्यक्ष महाराज. जुलैत आंबेडकर लंडनला पुढच्या शिक्षणासाठी गेले, आणि ते परतण्याआधीच महाराज गेले.

स्त्रियांसाठी काय केलं?

विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा १९१७ चा. आंतरजातीय विवाहाला मान्यता आणि बायकांना क्रूरपणे वागवण्याला शिक्षा, दोन्ही १९१९. जोगतिणी आणि देवदासींबद्दलचा कायदा १९२०.

घरातलं उदाहरण जास्त बोलकं आहे. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत गेले. त्यांच्या पत्नी इंदुमती कोवळ्या वयाच्या. राजघराण्यातल्या विधवेनं पडद्याआड आयुष्य काढायचं, ही रीत. महाराजांनी सुनेला सोनतळी कॅम्पवर ठेवून शिक्षक लावले आणि शिकवलं, घरातून विरोध असतानाही.

राधानगरी धरण त्यांनीच बांधलं ना?

सुरुवात त्यांनी केली. भोगावती नदीवर, दाजीपूरच्या जंगलाच्या तोंडाशी, संपूर्ण संस्थानाच्या खर्चानं. जलाशयाचं नाव महाराणी लक्ष्मीबाई तलाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी काम अर्धवट थांबलं आणि पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले यावर आजही कोल्हापूरकरांची झोप अवलंबून असते.

याच धाग्यात १८९५ ची शाहूपुरी पेठ येते, गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली, आणि १९०६ ची कापड गिरणी.

वतनं त्यांनी का मोडली?

१९१८ हे वर्ष स्वतंत्रपणे अभ्यासावं असं आहे. महार वतन रद्द: गावकीची राबणूक संपली आणि जमीन रयतावा करून, म्हणजे इतर रयतेच्या जमिनीसारखी, त्याच माणसाच्या नावावर झाली. कुलकर्णी वतन रद्द: गावचं दप्तर वंशपरंपरेनं एका घरात राहायचं ते पगारी तलाठ्याकडं आलं, आणि तलाठ्यांत अस्पृश्यही नेमले गेले. महार, मांग, रामोशी, बेरड यांना चावडीवर रोज द्यावी लागणारी हजेरी बंद. फासेपारध्यांना तर महाराजांनी सोनतळीला घरं दिली आणि स्वतःच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना सगळे चोर म्हणत होते त्यांच्या भरवशावर राजा झोपत होता.

इंग्रजधार्जिणे होते, या आरोपात तथ्य आहे का?

आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. महायुद्धात त्यांनी इंग्रजांना सैन्यभरतीत मदत केली, किताब घेतले, होमरूलच्या चळवळीला साथ दिली नाही. स्वराज्य आलं आणि सत्ता पुन्हा त्याच मूठभरांकडं गेली तर बाकीच्यांचं काय, हा त्यांचा सवाल होता; मागासलेल्यांना वेगळं प्रतिनिधित्व आधी द्या, असं त्यांचं म्हणणं. सवाल खोटा नव्हता. पण ते स्वतः एकतंत्री राजे होते, त्यांच्या हुकमावर मतदान होत नव्हतं, आणि वर इंग्रजांची मर्जी लागत होती. हुकमानं झालेल्या सुधारणेचा वेग आणि तिचा कच्चेपणा, दोन्ही इथूनच येतात.

कुस्ती, संगीत, नाटक?

खासबागचं मैदान रोमचा आखाडा पाहून आल्यावर सुचलं, १९१२ मध्ये ते झालं. शेजारचं पॅलेस थिएटर १९१५ चं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं तेव्हा कोल्हापूर हळहळलं. गाण्यात अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक होते. जयपूर-अत्रौली घराणं महाराष्ट्रात रुजलं त्यात कोल्हापूरच्या दरबाराचा वाटा मोठा आहे.

‘राजर्षी’ ही पदवी कुणी दिली?

कानपूरच्या कुर्मी क्षत्रियांनी, एप्रिल १९१९ च्या अधिवेशनात.

व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावानं फिरणारी वाक्यं खरी असतात का?

पुष्कळशी नसतात. ओळखायची खूण सांगतो. वाक्य फार गुळगुळीत, आजच्या व्यवस्थापनाच्या वर्गात शोभेल असं असेल तर संशय घ्या. महाराजांची भाषा रांगडी होती आणि पत्रं कामाची.

निधन कधी आणि कुठं झालं?

६ मे १९२२, मुंबईत, गिरगावातल्या खेतवाडीच्या पन्हाळा लॉजवर. वय ४७. पार्थिव कोल्हापूरला आणून अंत्यसंस्कार पंचगंगेच्या काठी झाले. गादीवर थोरले पुत्र राजाराम महाराज आले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. ६ मे २०२२ ला सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं.

कोल्हापुरात एक दिवस आहे. काय पाहू?

सकाळी कसबा बावड्याचं जन्मस्थळ. मग न्यू पॅलेसचं संग्रहालय, पण शिकारीच्या दालनात फार रेंगाळू नका. दसरा चौकात बोर्डिंगांच्या पाट्या वाचत एक फेरी मारा. नर्सरी बागेत समाधी आहे. अभ्यासाची आवड असेल तर शहरातल्या पुराभिलेखागारात जुने हुकूम सांभाळलेले आहेत, त्यासाठी मात्र आधी परवानगी काढा आणि मोडी वाचणारा कुणीतरी सोबत न्या.